डॉक्टर बघायचा कार्यक्रम

ठणठणीत माणसाने दवाखान्याची पायरी चढू नये, असा आपल्याकडे एक अलिखित संकेत आहे. नवं घर घेताना आपण पाणी किती तास येतं ते विचारतो, लिफ्टला जनरेटर आहे का बघतो, स्टेशनपर्यंत शेअर रिक्षा किती घेते याची चौकशी करतो. ‘इथे जवळपास डॉक्टर कोण चांगले आहेत?’ हा प्रश्न मात्र सुचतो तो रात्री साडेदहाला, अंगात ताप भरल्यावर. त्या वेळी कोणी निवड वगैरे करत नाही. ज्याचं शटर अजून पुरतं खाली आलेलं नाही, तो आपला डॉक्टर.

आमच्यावर शुद्धीत असताना निवड करायची पाळी आली, कारण डोंबिवलीतले आमचे वर्षानुवर्षांचे डॉक्टर निवृत्त झाले. मुलगा रेडिऑलॉजिस्ट, सून त्वचारोगतज्ज्ञ. दोघंही हुशार आणि स्वभावाने गोड, पण सकाळ-संध्याकाळ खोकणाऱ्या माणसांत बसायला दोघांपैकी कुणीच तयार नव्हतं, आणि त्यांना दोष तरी कसा द्यायचा? इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं घासून पोरगं डॉक्टर होतं, आणि लग्नाच्या बाजारात त्याच्याबद्दल विचारतात, ‘नुसता एम.बी.बी.एस.च का?’ त्या ‘नुसता’ने गल्लोगल्लीचे दवाखाने बंद पाडले. आता गुडघ्याला डॉक्टर आहे, डाव्या डोळ्याच्या पडद्यालाही आहे, माणसाला नाही.

त्या जुन्या दवाखान्यातलं मला सगळ्यात जास्त आठवतं ते डॉक्टरांचं टेबल नव्हे, तर कंपाउंडरची खिडकी. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा तिथे अजून मिक्स्चर मिळायचं. बाटली घरून धुऊन न्यायची. विसरलात तर कंपाउंडर नाक मुरडून स्वतःकडची द्यायचा आणि तिचे पैसे वेगळे लावायचा. बरणीतलं गुलाबी औषध ओतून झालं की तो कागदाची लांबट पट्टी घ्यायचा, घडी घालायचा, कात्रीने कडेला दोन तिरके काप द्यायचा आणि उलगडून ती खळीने बाटलीवर चिकटवायचा. एका खाचेपासून दुसऱ्या खाचेपर्यंत एक डोस. माझे सासरे बाटली उजेडात धरून, डोळा बारीक करून, खाचेच्या रेषेत औषध आलं की नाही ते बघायचे. केसभरही इकडेतिकडे चालायचं नाही.

त्या बाटलीत काय असायचं? बहुधा सोडा, पेपरमिंट आणि वेलदोड्याचं टिंक्चर. जुन्या ब्रिटिश फार्माकोपियाच्या कृतीप्रमाणे या टिंक्चरला लाल रंग यायचा तो कोचिनीलमुळे, म्हणजे निवडुंगावरच्या किड्यांपासून काढलेल्या रंगामुळे. सासूबाई लसूणसुद्धा न खाणाऱ्या. एकादशीलाही ‘औषधाला दोष नाही’ म्हणून मिक्स्चर घेत आल्या. हे त्यांना मी सांगितलेलं नाही. वाचकांपैकी कोणी त्यांना ओळखत असेल तर त्यांनीही कृपा करून सांगू नये.

पडसं त्या बाटलीने बरं होत नव्हतं, हे आता कळतं. पडसं आपल्या मुदतीने बरं व्हायचं. बाटलीचं काम निराळंच होतं. ‘आराम करा, तेलकट खाऊ नका, दोन दिवसांत उतरेल’ या वाक्याचे पैसे मागायची सोय नव्हती, बाटलीचे मागता यायचे. आपला माणूस सल्ल्याला पैसे देत नाही. सल्ला त्याच्या घरात पडून असतो, उलट तोच वाटत हिंडतो. वस्तू हातात पडली की मगच पाकीट बाहेर निघतं. डॉक्टर हे ओळखून होते, म्हणून ते शहाणपण बाटलीत भरून देत.

मिक्स्चर गेलं, पण ही खोड गेली नाही. बाटलीच्या जागी इंजेक्शन आलं, सलाइन आलं, अँटिबायोटिकची पट्टी आली. सोडा-पेपरमिंटने कुणाचं काही बिघडत नव्हतं, या मंडळींचं तसं नाही. म्हणून नवा डॉक्टर शोधताना मी मनाशी एकच ठरवलं होतं: हात हलवत परत पाठवायची हिंमत कुणात आहे, तेवढं बघायचं.

घरच्यांच्या अपेक्षा वेगळ्या होत्या. सासूबाईंना नाडी बघणारा डॉक्टर हवा होता. ‘यंत्रं काय, कुणीही लावतो. मनगट धरलं की कळलं पाहिजे.’ शिवाय तो वयाने मोठा हवा, आणि आपल्या माहितीतला असला तर फारच बरं. ह्यांची अट गाडी लावायला जागा असावी एवढीच, बाकी डॉक्टर कसाही चालेल. मुलीने फोनवर ताऱ्यांची मोजणी करून यादी केली. मी ते अभिप्राय वाचले. एकाने पाच तारे दिले होते, कारण ‘एसी मस्त आहे’. दुसऱ्याने एकच तारा दिला होता, कारण ‘दोन मिनिटांत सोडलं, औषधच दिलं नाही’. या दुसऱ्या डॉक्टरांचं नाव मी चटकन लिहून ठेवलं.

आता खरी अडचण. आजारी नसताना डॉक्टरकडे जाऊन सांगायचं काय? ‘काही नाही, सहज तुम्हाला बघायला आलोय’ असं म्हणता येत नाही. मुलगी बघायच्या कार्यक्रमात निदान कांदेपोह्यांच्या आडून एकमेकांना न्याहाळता तरी येतं. सुदैवाने आमच्या घरी सासूबाईंचा रक्तदाब आहे. घरात एक रक्तदाब असला की कुठल्याही दवाखान्यात मानाने शिरता येतं. त्यांनाही बाहेर पडायला कारण हवंच होतं. इरकल नेसून, हातात पिशवी घेऊन त्या तयार.

मी आधी बाहेर उभी राहून पाटी वाचायचे. ह्यांना ते चमत्कारिक वाटायचं. ‘वीजबिल वाचल्यासारखी काय वाचतेस?’ पण पाटी वाचायलाच हवी. डॉक्टरने नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावावा आणि चिठ्ठीवरही छापावा, फीसुद्धा दिसेल अशी लिहावी, असं मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या आचारसंहितेतच आहे. क्रमांक मिळाला की तो महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदीत आहे की नाही ते पडताळता येतं. ही नोंदणीही जन्मभराची नसते, दर पाच वर्षांनी ताजी करावी लागते. नावापुढच्या अक्षरांचंही तसंच. एम.बी.बी.एस., बी.ए.एम.एस. आणि बी.एच.एम.एस. ही तीन वेगळी शिक्षणं आहेत. महाराष्ट्रात २०१४ साली कायदा बदलला आणि होमिओपॅथीच्या डॉक्टरांना एक वर्षाचा औषधशास्त्राचा अभ्यासक्रम करून ॲलोपॅथीची औषधं लिहायची वाट मोकळी झाली. त्यावरून डॉक्टर मंडळींचं आपसात जुंपलं आणि भांडण कोर्टात गेलं. माझं म्हणणं एवढंच, की अक्षरं कुठलीही असोत, ती स्पष्ट असावीत. जिथे नाव फूटभर आणि पदवी मुंगीएवढी, तिथे मी पुढे सरकायचे.

पहिला दवाखाना काचेचा होता. आत मत्स्यालय, मंद संगीत, आणि नावाने हाक मारणारी रिसेप्शनिस्ट. सासूबाई खूश झाल्या. माझी नजर टेबलावर गेली. घड्याळ एका गोळीचं, पेनस्टँड दुसऱ्या गोळीचा, आणि पेपरवेटमध्ये तिसरी गोळी काचेत गोठवून ठेवलेली. डॉक्टरांनी औषध कंपन्यांकडून भेटवस्तू घेऊ नयेत असा नियम मेडिकल कौन्सिलने २००९ सालीच केला आहे. टेबल बहुधा त्याआधीचं असावं. डॉक्टरांनी स्वेटरवरूनच दंडाला पट्टा गुंडाळला आणि पंप दाबता दाबता विचारलं, “आजी, मूळ गाव कुठलं?” सासूबाईंना हा प्रश्न विचारायचा नसतो. त्या राजापूरहून निघाल्या. गंगा, गरम पाण्याचे झरे, तिथला वाडा, भाऊबंदकी असं करत त्या दाव्याच्या निकालापर्यंत पोचल्या तेव्हा आकडा आला एकशे बहात्तर. डॉक्टरांनी गंभीर चेहरा करून तपासण्यांचं ‘पॅकेज’ लिहून दिलं.

वास्तविक रक्तदाब घेण्याआधी माणसाला पाचेक मिनिटं शांत बसू द्यावं, पाठ टेकलेली असावी, दंड उघडा असावा, हाताला हृदयाच्या पातळीवर आधार असावा, आणि माणसाने बोलू नये, कारण बोलताना दाब चढतो. यातलं शेवटचं कलम सासूबाईंच्या बाबतीत अमलात आणणं कठीण, हे मला मान्य आहे. पण भाऊबंदकी सांगताना एकशे बहात्तर म्हणजे प्रकृती उत्तमच म्हणायची.

दुसरा दवाखाना रिक्षा स्टँडशेजारी. गर्दी मरणाची. पडद्याआड तीन खाटा, तिन्हींवर माणसं, आणि वर टांगलेल्या तीन बाटल्या. बाकावर बसलेला प्रत्येकजण त्या बाटल्यांकडे आशेने बघत होता. साध्या सलाइनच्या अर्धा लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं, चमचाभरही नाही. ग्लुकोजची म्हणतात ती पाच टक्क्यांची बाटली असेल तर पंचवीस ग्रॅम साखर, म्हणजे सासूबाईंच्या हातचे दोन कप चहा. ज्याला उलट्या थांबत नाहीत, जो शुद्धीत नाही, त्याच्यासाठी ती बाटली अमृत आहे. पण जो चालत येऊन बाकावर बसलाय आणि चहा पितोय, त्याला हेच मीठ-साखर तोंडाने घेता येते.

हे बंगालच्या डॉ. दिलीप महालनोबीस यांनी १९७१ साली दाखवून दिलं. बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत कॉलरा फैलावला, आणि शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं. त्यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज मोजून पाण्यात कालवलं, पिंपांत भरलं आणि नातेवाइकांच्या हाती पेले दिले. मृत्यूचं प्रमाण तीसेक टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या आत आलं. पुढे २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. तशा मिश्रणाची पुडी आज कुठल्याही केमिस्टकडे मिळते. पण ती घरी नेऊन, उकळून गार केलेल्या पाण्यात घालून, घोट घोट प्यायची, यात रुबाब कुठला? बाटली लावली की निदान चार माणसं भेटायला येतात.

थट्टा सोडा, त्या बाकावरच्या लोकांना नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही. त्यातले कितीतरी रोजंदारीवरचे. उद्या कामावर उभं राहिलं नाही तर खाडा. ‘तीन दिवस विश्रांती’ हे औषध त्यांना कुठल्याच दुकानात मिळत नाही. त्यांना आज काहीतरी अंगात जायला हवं असतं, आणि डॉक्टरलाही ठाऊक असतं की आपण नाही म्हटलं तर हा माणूस रस्ता ओलांडून समोर जाणार. मागणारा आणि देणारा दोघंही असे अडकलेले.

या सगळ्यात सासूबाईंची ‘डॉक्टर वयस्कर हवा’ ही अट मात्र मी साफ मोडीत काढली. त्यासाठी मला थेट नॉर्वेची मदत झाली. तिथे पंचेचाळीस लाख लोकांच्या नोंदी तपासल्या गेल्या. २०२२ साली ब्रिटनमधल्या जनरल प्रॅक्टिसच्या नियतकालिकात त्याचा निष्कर्ष छापून आला. ज्यांचा घरचा डॉक्टर पंधरा वर्षांहून जास्त काळ तोच होता, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण डॉक्टर बदलून वर्षच झालेल्यांपेक्षा सुमारे पंचवीस टक्क्यांनी कमी आढळलं. रात्रीबेरात्री धावपळ करावी लागणं आणि हॉस्पिटलात भरती होणंही कमी. त्यामागे आणखीही कारणं असतील, पण बुद्धीला पटतं. ज्याने आपला खोकला दहा पावसाळे ऐकलाय, त्याला अकराव्या पावसाळ्यात तो वेगळा वाटला तर लगेच कळणार. मी सासूबाईंना म्हटलं, “आई, सत्तरीचा डॉक्टर घेतला तर पंधरा वर्षं कसा पुरायचा?” त्यांनी हिशेब केला. “मला पुरेल,” म्हणाल्या. मग थांबून, “पण तुम्हाला नाही पुरायचा.” आणि तरुण डॉक्टरला मंजुरी मिळाली.

ते एका ताऱ्याचे डॉक्टर म्हणजे एक बाई निघाल्या. चाळिशीच्या आत-बाहेर. दोन खोल्यांचा दवाखाना, भिंतीवर नोंदणी क्रमांक आणि फीची पाटी, बाहेर प्लॅस्टिकच्या खुर्च्या. मत्स्यालय नाही. गाडी लावायला जागा नाही, त्यामुळे ह्यांचं मत तिथेच फिरलं. नंबर लावताना मदतनीस मुलीने विचारलं, “घरातली सगळी औषधं आणलीत का? नसतील तर पुढच्या वेळी पिशवीत घालून आणा. सगळी म्हणजे सगळी.” आमच्या सासूबाई औषधांशिवाय घराबाहेर पडतच नाहीत. त्यांनी साड्यांच्या दुकानाची पिशवी टेबलावर पालथी केली.

डॉक्टरबाईंनी एकेक पट्टी उचलून उलटी करून वाचायला सुरुवात केली. लाल उभी रेघ असलेल्या अँटिबायोटिकच्या अर्ध्या पट्ट्या त्यांनी एका बाजूला काढल्या. “हे कधीचं, आजी?” “असू दे, लागतं कधी.” मग दोन पट्ट्या त्यांनी शेजारीशेजारी ठेवल्या. एक निळी, एक चंदेरी. नावं वेगळी, कंपन्या वेगळ्या. त्यांनी पेनाचं टोक खालच्या बारीक अक्षरांवर ठेवलं, दोन्हींवर एकच शब्द होता: ॲम्लोडिपिन. निळी जुन्या डॉक्टरांची, चंदेरी नाशिकला नणंदेकडे गेल्या असताना तिथल्या डॉक्टरांनी लिहिलेली. सासूबाई दोन्ही इमानाने घेत होत्या. डॉक्टरबाई खाली वाकल्या, त्यांच्या घोट्याजवळ अंगठा दाबला, आणि तिथे पडलेला खळगा आम्हाला दाखवला. या गोळीचा डोस वाढला की पाय सुजू शकतात म्हणे. आमच्या घरी त्या सुजेचं खापर लिंबाच्या लोणच्यावर फुटत होतं, आणि बिचाऱ्या लोणच्याची बरणी माळ्यावर गेली होती.

“आजी, ही चंदेरी बंद,” डॉक्टरबाई म्हणाल्या.

“बंद? मग तिच्या बदल्यात काय?”

“बदल्यात काही नाही.”

सासूबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की जणू वाण्याने सामान परत घेऊन पैसेही ठेवून घेतले. डॉक्टरकडे जाऊन एक गोळी कमी होते आणि वर फी द्यायची, हे त्यांच्या हिशेबात बसेना. “खोकलाही आहे मला,” त्यांनी शेवटचा डाव टाकला.

मग तपासणी झाली. डॉक्टरबाईंनी स्टेथोस्कोपचं गार तोंड आधी आपल्या तळव्यावर घासून ऊबदार केलं. हे यंत्रच मुळात संकोचातून जन्मलं. लाएनेक नावाच्या फ्रेंच डॉक्टरला १८१६ साली एका स्त्रीच्या छातीला कान लावणं प्रशस्त वाटेना, म्हणून त्याने कागदाची गुंडाळी करून ऐकलं. नंतर डॉक्टरबाईंनी सासूबाईंचं मनगट हातात धरलं आणि घड्याळाकडे बघत गप्प बसल्या. चांगलं मिनिटभर. सासूबाईंचा चेहरा उजळला.

मी समोर बसले होते म्हणून मला दिसलं, की डॉक्टरबाईंची नजर घड्याळावरून पुन्हा पुन्हा सासूबाईंच्या पदरावर जात होती. पदर वर-खाली होत होता. नंतर औषधांचा कागद घ्यायला मी मागे थांबले तेव्हा हळूच विचारलं. त्या हसल्या. “श्वास मोजते म्हटलं की माणूस श्वास बदलतो, काकू. म्हणून हात धरायचा. नाडीचं निमित्त.” हे दुसरं गुपित. कोचिनीलच्या शेजारी ठेवून दिलंय.

खोकल्याला अँटिबायोटिक नाही, इंजेक्शन नाही. मात्र रिकाम्या हाताने उठणार नाही असा सासूबाईंचा पवित्रा बघून डॉक्टरबाईंनी छापील कागद ओढला आणि ठळक, सुट्या अक्षरांत लिहिलं: गरम पाणी, अर्धा पेला, दिवसातून चार वेळा. मीठ-पाण्याच्या गुळण्या, सकाळ-संध्याकाळ, पाच दिवस. खाली तारीख, सही, शिक्का. “ताप आला, धाप लागली किंवा पाच दिवसांत उतरला नाही तर या. आणि छातीत दुखायला लागलं तर माझ्याकडे यायचं नाही. १०८ ला फोन करायचा आणि थेट हॉस्पिटल गाठायचं.” सासूबाईंनी कागदाची घडी करून कमरेच्या बटव्यात ठेवली. घरी आल्यावर त्यांनी तो देवघराशेजारी टाचणीने लावला आणि घड्याळ बघून गरम पाणी मागायला सुरुवात केली. हेच मी महिनाभर सांगत होते, पण माझ्याकडे शिक्का नाही.

पायांची सूज काही दिवसांनी उतरली, आणि लोणच्याची बरणी माळ्यावरून सन्मानाने खाली आली. माझ्या मते प्रकरण इथे मिटायला हवं होतं. पण सासूबाई रोज संध्याकाळी गणपतीच्या देवळाच्या कट्ट्यावर बसतात, आणि तिथे त्यांनी गोळी बंद केल्याचं, लोणच्याचं, खळग्याचं काहीच सांगितलं नाही. सांगितलं ते एवढंच, की बाई नाडी बघते, अगदी मिनिटभर बघते, आणि पोटातलं ओळखते. आता आजूबाजूच्या दहा सोसायट्यांतल्या म्हाताऱ्या त्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर आधीच मनगट पुढे करून बसलेल्या असतात. नंबर लावायला सकाळी आठच्या आत माणूस पाठवावा लागतो. गाडी लावायला जागा नसल्यामुळे ह्यांना चालत जावं लागतं, आणि त्यांचाही रक्तदाब म्हणे थोडा खाली आलाय.